ढेकणांना औषधाची सवय होते का?

प्रश्न : पहाडगंजात आमचं जुनं घर आहे. आजूबाजूला लॉजच लॉज. वर्षभरात तीनदा ढेकणांसाठी फवारणी करून घेतली. पहिल्यांदा थोडा गुण आला, आता ढिम्म नाही. औषध भेसळीचं, की ढेकणांना त्याची सवय झाली?
– एक वाचक, पहाडगंज, नवी दिल्ली

उत्तर : तुमच्यासारखीच शंका डासांच्या बाबतीत शास्त्रज्ञांनाही येते. म्हणून डासांची परीक्षा घेताना विषाची ठरलेली मात्रा लावलेल्या कागदावर त्यांना तासभर ठेवतात आणि चोवीस तासांनी मेलेले मोजतात. ९० टक्क्यांहून कमी मेले, तर दोष औषधाचा नाही, डासच चिवट.

सवय मात्र म्हणू नका. दारुड्याला दारूची होते तशी ती एकट्या ढेकणाला होत नाही. काही ढेकूण जन्मतःच चिवट असतात. फवारणीत बाकीचे मेले, की पलंगाच्या सांध्यांत यांचाच वंश वाढतो. तुमच्याकडे तर ते बहुधा आधीच चिवट होऊन, कुणाच्या तरी बॅगेतून आले असावेत.

आपण ‘विष पचवणं’ म्हणतो, ते इथे जवळजवळ शब्दशः खरं आहे : चिवट ढेकणांच्या शरीरातली विकरं विष मोडून टाकतात. सिडनीच्या संशोधकांना २०१६ साली अशा ढेकणांचं कवचही जाड आढळलं. पण मला सर्वांत नवलाची वाटते ती मज्जापेशींची गोष्ट. हल्लीची बरीच घरगुती औषधं पायरेथ्रॉइड गटातली. मज्जापेशीत सोडियम आत सोडणारी सूक्ष्म दारं असतात. ती हे विष उघडीच ठेवतं आणि किडा तडफडून मरतो. जनुकात नेमक्या जागी एक बदल झाला, की विषाला त्या दाराला चिकटता येत नाही. आणि डीडीटीचं कामही याच दारावर चाले! म्हणजे डीडीटीतून तगलेल्यांना हे नवं औषध पुष्कळदा अर्धं ओळखीचंच.

डीडीटी तर दिल्लीतच बनायचं. हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी १९५४ साली त्यासाठीच निघाली. हिवतापाच्या मोहिमेत घराघरांच्या भिंतींवर ते मारलं गेलं. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण हवाई बेटांवर तर १९४७ सालीच दिसले होते. अशा चिवटपणाची आपल्या शेतीतली पहिली नोंद तुमच्या शेजारची : करोलबाग ओलांडलं की पुसा लागतं, तिथल्या कृषी संशोधन संस्थेतल्या एस. प्रधान आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली शिंगाड्यावरचा भुंगेरा डीडीटी आणि बीएचसी या कीटकनाशकांना दाद देत नसल्याचं दाखवलं.

आता तुमचं. चौथ्यांदा तेच औषध नको. फवारणाऱ्याला औषधाचं नाव नव्हे, गट विचारा आणि गट बदलायला सांगा. अंडी बहुतेक फवारण्यांतून वाचतात, तेव्हा दोन आठवड्यांनी पुन्हा फवारणी हवीच. सांध्यांना आणि गादीच्या शिवणींना वाफ द्या; पन्नास अंशांपुढच्या उष्णतेला अजून तरी त्यांच्याकडे उत्तर नाही. गच्चीवरच्या उन्हावर विसंबू नका, ढेकूण गादीच्या सावलीच्या बाजूला सरकतात. आणि शेजारच्या लॉजवाल्यालाही त्याच दिवशी फवारायला राजी करा. हे काम सर्वांत अवघड, ठाऊक आहे.