भूमीची पूर्वसूचना

धाराशिव जिल्ह्यातील काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस होय. ज्वालामुखी जागृत होताना बहुधा पूर्वसूचना देतो. १९९१ साली फिलिपाईन्समधील पिनाटुबो पर्वताचे हादरे व वायू पारखून शास्त्रज्ञांनी उद्रेकाचे भाकीत केले. हजारोंचे प्राण वाचले.

भूकंपाचे तसे नाही. १९९२ साली किल्लारी परिसरात लहान धक्के बसले. परंतु त्यांचा अर्थ कोणालाही निश्चित सांगता आला नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे भूकंप झाला. सास्तूरसारख्या गावांतील दगडमातीची घरे निद्रिस्त माणसांवर कोसळली. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली.

भूकंपाची घटका आजही वर्तविता येत नाही. भक्कम घर बांधणे मात्र माणसाच्या हाती आहे.