गुरुजी आणि आईबाप

दसरा झाला की बीडकडच्या गावांतून पुष्कळ माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, मग जावेच लागते. मुलांचे काय करायचे, हा घोर उरतो.

आम्ही अशाच एका गावात हेडमास्तर होतो. 2014 साली सातवीतली एक मुलगी शाळेत येईनाशी झाली. तिचे लग्न ठरल्याचे कानावर आले. तिला तेरावे चालू होते. आम्ही तावातावाने तिच्या घरी गेलो. चार माणसांदेखत बापाला म्हणालो, "कायदा ठाऊक आहे का? पोलीस बोलावू?" त्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी मुलगी मामाच्या गावी गेली. कायदा खरा होता, पण आमची बोलण्याची रीत चुकली.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. शाळेतल्या बाईंना बरोबर घेतले. ओट्यावर बसलो. आधी माफी मागितली. चहा घेतला. (गरिबाघरचा चहा नाकारू नये. मनाला लागते.) मग बाईंनी विचारले, "ताई, पोरीची काळजी कशाची वाटते?"

आई म्हणाली, "बाई, कोपीवर नेली तर आम्ही पहाटंच फडात. पोर एकटी. हितं ठेवावी तर सासूला दिसत न्हाई. लगीन केलं की घोर मिटला."

म्हणजे हौस नव्हती, भीती होती. ती आम्ही विचारलीच नव्हती.

मग वाट निघाली. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झाले. जेवण तिथे, रात्री निजायला चुलतीकडे. दर रविवारी बाई फोन लावून मायलेकींचे बोलणे करून देत. बाप म्हणाला, "काही झालं तर आधी आम्हांला सांगा, गावाला नको." आम्ही कबूल केले. पण हेही सांगितले, की पोरीला धोका दिसला तर आम्ही गप्प बसणार नाही.

कारण मुलगी 18 वर्षांची आणि मुलगा 21 वर्षांचा होण्याआधी लग्न लावून देणाऱ्याला 2006 च्या कायद्याने शिक्षा आहे. लग्न उद्यावर आले असेल, किंवा घरातच मुलाला मारहाण होत असेल, तर ओट्यावर बसून भागत नाही. 1098 या नंबरावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत. रात्रीही चालतो.

पाडव्याच्या सुमारास आईबाप परतले. सोयरीक मोडली नव्हती, पुढे ढकलली होती. आई घरी न जाता आधी शाळेत आली. पोर वर्गात वाचत होती. आम्ही आत बोलावले, तरी ती दाराशीच उभी राहून ऐकत राहिली.