अनोळखी दुकानदाराशी फोनवरचे पहिले बोलणे

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला पुष्कळदा पहिली नोकरी मिळते ती विक्रीची. हाती फोन येतो आणि समोर अनोळखी दुकानदारांची यादी. पहिल्या अर्ध्या मिनिटात काय बोलावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम दुकानदाराची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. लहान दुकानात मालक, विक्रेता, हिशेबनीस आणि प्रसंगी हमालही एकच माणूस असतो. तुमच्याशी बोलण्यात गेलेले मिनिट हे समोरच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याचे असते. म्हणून सकाळी भवानी होण्यापूर्वी फोन करू नये. दुपारची उसंत बरी. दरमहा जीएसटी भरणाऱ्यांना ११ आणि २० तारखेपर्यंत विवरणपत्रे द्यावी लागतात. ते दिवसही टाळावेत.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही वजनकाटे विकणाऱ्या पेढीत आहात आणि बेळगावच्या एका किराणा दुकानदाराला फोन लावला आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो, हे तुम्हांस ठाऊक आहे. पण "तुमच्या काट्याचा शिक्का कधी संपतो?" असा आरंभ केला, तर वजनमापे खात्याचा माणूस बोलतो आहे असे वाटून तो बिचकेल. तेव्हा आधी स्वतःचे नाव, पेढीचे नाव आणि फोनचे कारण सांगावे, मग "दोन मिनिटे सवड आहे का?" असे विचारावे. गिऱ्हाईक असेल तर वेळ मागून घ्यावी आणि ती पाळावी. त्यानंतर आपला माल वर्णन करण्याऐवजी त्याची अडचण विचारावी. काटा दुरुस्तीला गेला की दुकान कसे चालते, हा प्रश्न त्याच्या रोजच्या व्यवहारातला आहे. त्याचे उत्तर तो आपणहून देईल.

भाषेचा प्रश्न आपल्या सीमाभागात विशेष महत्त्वाचा. पलीकडून कन्नड ऐकू आले, तर "स्वल्प माताडबहुदेन्री?" एवढे विचारावयास व्याकरणाची पदवी लागत नाही. त्यातील 'री' हा आदर आहे. मोडके बोललेले चालते. मात्र वयाने वडील माणसाला एकेरी संबोधलेले चालत नाही.

येथे कायद्याचीही जाण हवी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार, नोंदणी नसलेल्या साध्या मोबाइलवरून विक्रीचे फोन करण्यास मनाई आहे. ज्याला असे फोन नकोत, तो १९०९ वर तशी नोंद करू शकतो. नोकरी देणाऱ्या पेढीने नोंदणी केली आहे ना, हे नव्या विक्रेत्याने आधी विचारून घ्यावे. कारण फोन बंद पडला तर तो त्याचा स्वतःचा असतो.

शेवटी नकाराविषयी. आज फोनवरून फसवणुकीचे प्रकार इतके वाढले आहेत की दुकानदाराचा संशय हा त्याचा दोष नव्हे, सावधपणा आहे. "नको" म्हटल्यावर आभार मानून फोन ठेवावा. बाजारपेठेत शेजारी-शेजारी दुकाने असतात, आणि चिकट विक्रेत्याची कीर्ती संध्याकाळच्या आत गल्लीभर होते. सभ्यपणे घेतलेला नकारही असाच पसरतो. पुढच्या दुकानातला फोन लागतो तेव्हा त्याचाच उपयोग होतो.