समाजमाध्यमे आणि कुमारवयीनांचे मनःस्वास्थ्य : वैद्यांचे कर्तव्य



अकरावी-बारावीत शिकणारा मुलगा किंवा मुलगी पालकांसमवेत चिकित्सालयात येते. तक्रारी नेहमीच्याच असतात : झोप लागत नाही, डोके दुखते, आम्लपित्त वाढले आहे, अभ्यासात लक्ष लागत नाही. पालकांची मागणीही ठरलेली असते : ‘स्मरणशक्तीसाठी काहीतरी चांगले द्या.’ आपण ब्राह्मी वा शंखपुष्पीचा एखादा कल्प लिहून देतो, औषधाची बाटली घरी जाते आणि त्याच रात्री रुग्ण मोबाईल हाती घेऊन एक वाजेपर्यंत जागा राहतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी, हे आपण सर्वजण शिकलो आहोत. या रुग्णांत नेमकी तीच पायरी आपल्याकडून सुटते. त्याविषयी येथे विचार करू.

हेतुविचार

व्याधींच्या तीन मूळ हेतूंपैकी दोन येथे स्पष्ट दिसतात. पहिला असात्म्येन्द्रियार्थसंयोग. तासन्‌तास पडद्याकडे पाहणे हा चक्षुरिंद्रियाचा अतियोग, तर बीभत्स व भयावह दृश्ये वारंवार पाहणे हा मिथ्यायोग होय. दुसरा प्रज्ञापराध. अहितापासून मनाला आवरणे हे धृतीचे कार्य. पुस्तकाचे प्रकरण संपते, नाटकाचा पडदा पडतो. समाजमाध्यमांवरील चित्रफितींना मात्र शेवट नसतो. एक संपताच दुसरी आपोआप सुरू होते. जेथे मोठ्यांची धृती टिकत नाही, तेथे पंधरा वर्षांच्या मुलास केवळ ‘मनावर ताबा ठेव’ असे सांगून भागत नाही.

ईर्ष्या, भय, मान, अतिराग हे मनाचे धारणीय वेग. दुसऱ्याच्या छायाचित्रास मिळालेली पसंती मोजत बसल्याने या वेगांना रोज खतपाणी मिळते. त्यात रात्रिजागरणाची भर पडते. ते रूक्ष व वातवर्धक. त्याची भरपाई म्हणून दिवसा झोपल्यास कफ वाढतो आणि अग्नी मंदावतो. निद्रा हा तीन उपस्तंभांपैकी एक. तोच ढासळला की शारीर व मानस दोन्ही लक्षणे एकत्र दिसू लागतात.

अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी मे 2023 मध्ये याविषयी सूचनापत्र प्रसिद्ध केले. दिवसाला तीन तासांहून अधिक काळ समाजमाध्यमांवर घालविणाऱ्या कुमारवयीनांत नैराश्य व चिंतेच्या लक्षणांचा धोका दुपटीने आढळतो, असे त्यात नमूद आहे. हा संबंध म्हणजे कार्यकारणभावाची सिद्धी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. तथापि रुग्णाचा इतिहास घेताना हा प्रश्न टाळण्यास आता सबब उरलेली नाही.

प्रश्नपरीक्षा

रुग्णाशी काही वेळ एकांतात बोलावे. शक्यतो पुढील प्रश्न विचारावेत :

1. रात्री मोबाईल कोठे असतो? शेवटचा केव्हा पाहिला जातो?
2. पाहून झाल्यावर मन प्रसन्न वाटते की खिन्न?
3. कोणी चिडवते, धमकावते, छायाचित्रे मागते काय?
4. जगणे नकोसे वाटते काय?

शेवटचा प्रश्न विचारल्याने तसा विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. उलट बोलावयास वाट मिळते.

पादांशिक क्रम

सवयीचे झालेले अहित एकाएकी सोडू नये, हा चरकाचार्यांचा उपदेश येथे तंतोतंत लागू पडतो. मोबाईल हिसकावून घेतल्यास मूल चोरून वापरू लागते आणि संकटातही पालकांपासून लपविते. म्हणून वापर दिवसाला चार तास असेल तर प्रथम एक तास कमी करावा, तो सात्म्य झाल्यावर दुसरा. कमी केलेल्या जागी हिताची भर घालणे हाही याच क्रमाचा भाग होय. रिकामा ठेवलेला तास पुन्हा मोबाईलच भरून काढतो. तेथे मैदानी खेळ, अभ्यंग, संगीत, मित्रांची प्रत्यक्ष भेट यांची योजना करावी. पहिला तास निद्रेपूर्वीचा असावा आणि घरातील सर्वांचे मोबाईल रात्री एकाच ठिकाणी, शयनगृहाबाहेर ठेवावेत. वडिलांनी अंथरुणात मोबाईल पाहावा व मुलाने पाहू नये, हा नियम टिकत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. एकट्या मुलावर बंधन न घालता सर्वांनी मिळून ते पाळणे, हे त्यातील मर्म.

केव्हा थांबू नये

आत्मघाताचा विचार, स्वतःस इजा करून घेणे, आहार व शाळा सोडणे, एकाएकी अबोल होणे ही लक्षणे दिसल्यास केवळ मेध्य रसायनावर विसंबू नये. सत्त्वावजय चिकित्सेचे महत्त्व मान्य करूनही अशा रुग्णास त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे व तोवर एकटे ठेवू नये. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या शासकीय सेवेचा क्रमांक 14416 आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.

छायाचित्रांवरून कोणी धमकावत असल्यास पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत, मुलास दोष देऊ नये. बालकांसाठी 1098 व सायबर आर्थिक फसवणुकीसाठी 1930 हे क्रमांक आहेत. रुग्ण अठरा वर्षांखालील असून लैंगिक शोषणाची माहिती आपणांस मिळाली, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. वैद्यही त्यास अपवाद नाहीत.

औषधी दुकानदारांस

झोपेसाठी वा स्मृतीसाठी औषध मागण्यास एखादा कुमार एकटाच, वरचेवर येत असेल, तर त्याची प्रथम जाणीव बहुधा आपणांसच होते. बाटली देण्यापूर्वी ‘रात्री केव्हा झोपतोस?’ एवढे आपुलकीने विचारावे आणि वैद्यांकडे पाठवावे. वरील क्रमांक दुकानाच्या दर्शनी भागी लावावेत. यात एखाद्या बाटलीची विक्री कमी होईल. परंतु ज्या घराचे मूल आपल्या एका प्रश्नाने सावरले, ते घर आपणांस विसरणार नाही.

पुढील कुमारवयीन रुग्णाची नाडी पाहताना त्याची रात्र कशी जाते, हेही अवश्य विचारावे. चिकित्सेचा आरंभ तेथूनच व्हावा.