बाईच्या हृदयाची राखण

डहाणूच्या चिकूवाडीत पाण्याचा जुना पाइप कापलेला पाहिला आहे का? आत पांढरा थर धरलेला असतो. तो नखाने निघत नाही. बाहेरून पाइप होता तेवढाच दिसतो, पण आतली वाट बारीक झालेली असते. मग झाडाला पाणी पुरत नाही.

आपल्या अंगातही असे पाइप आहेत. हृदय हा पंप. तो दिवसाला सुमारे 1 लाख ठोके देतो. त्यातून निघालेले रक्त ज्या नळ्यांतून अंगभर जाते त्यांना धमन्या म्हणतात. वय वाढते तसा धमनीच्या आत चरबीचा थर बसतो. पुढे त्यात चुना धरतो आणि नळी कडक होते. हा चुना तंबाखूच्या डबीतला नव्हे. तो शरीरच तेथे आणून ठेवते. हृदयाला रक्त पुरवणारी नळीच तुंबली, म्हणजे झटका येतो.

हा रोग बाप्यामाणसाला आधी गाठतो. बाईला तो साधारण सात ते दहा वर्षे उशिरा होतो. असे का?

बाईच्या ओटीपोटात, पिशवीच्या दोन बाजूंना, दोन बीजकोश असतात. त्यांतून एक रस रक्तात उतरतो. अशा रसाला डॉक्टर हार्मोन म्हणतात. बाईच्या या हार्मोनचे नाव इस्ट्रोजेन. पाळी येते ती त्याच्यामुळे. पण त्याचे काम तेवढ्यावर संपत नाही. तो धमन्या मऊ ठेवतो, रक्तातली वाईट चरबी कमी ठेवतो आणि चांगली चरबी टिकवतो. मुलाचे उलट होते. तो वयात आला, की पुरुषाच्या हार्मोनमुळे त्याच्या रक्तातली चांगली चरबी घटते.

अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाचे गाव आहे. तेथे 1948 साली डॉक्टरांनी गावकऱ्यांची तपासणी सुरू केली. वर्षानुवर्षे तीच माणसे तपासली. त्यांतल्या 2,873 बायकांचा 24 वर्षांचा हिशेब 1976 साली छापला गेला. ज्यांची पाळी चालू होती, त्यांतल्या एकीलाही हृदयाचा झटका आला नव्हता. पाळी गेल्यावर मात्र रोग वाढला होता.

म्हणून तरुण बाईने निर्धास्त राहावे का? नाही. साखरेचा आजार असला तर ही राखण जवळजवळ निघून जाते. विडी ओढणाऱ्या बाईची पाळी लवकर जाते, आणि झटक्याचा धोका तिला पुरुषापेक्षाही जास्त वाढतो. गरोदरपणी जिचे ब्लड प्रेशर चढले होते, तिला पुढे हृदयाचा रोग होण्याचा संभव दुप्पट असतो. बाळंतपण झाले, प्रेशर उतरले, आता विसरा, असे करू नये. दर वर्षी प्रेशर मोजावे. आशाताई पाड्यावर येतात तेव्हा तिशीपुढच्या सर्वांची तपासणी व्हायची असते. बायका चुलीपाशी बसून राहतात आणि नवऱ्याला पुढे करतात. तसे करू नका.

आता पिशवीच्या ऑपरेशनाविषयी. आपल्याकडून माणसे वीटभट्टीवर जातात, तशी बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जातात. 2019 साली सरकारी समितीने तेथल्या 82 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी केली. 13 हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा पडतो, मजुरी बुडते. त्यात कोणी कॅन्सरची भीती घालतो. मग बाई म्हणते, "मुलं झाली, आता पिशवी हवी कशाला?"

पिशवीबरोबर कधीकधी बीजकोशही काढतात. तसे केले तर पस्तीस वर्षांच्या बाईचा रस एका दिवसात आटतो. दहा-पंधरा वर्षांची राखण त्या टेबलावरच जाते. बीजकोश ठेवले, तरी ते थोडे लवकर थकतात. कधी ऑपरेशन खरोखरच लागते, हे खरे. पण आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे, आणि विचारावे, "बीजकोश काढणार की ठेवणार? का?" हे विचारायला लाजू नये. अंग आपले आहे.

कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन निराळे. त्यात फक्त नळी बांधतात. बीजकोश जागेवर राहतात, रस चालू राहतो. त्याला भिऊ नये.

मग पाळी गेल्यावर हा रस गोळीतून दिला तर? डॉक्टरांनाही तसेच वाटले होते. अमेरिकेत 16,608 बायकांवर करून पाहिले. 2002 साली ते मध्येच थांबवावे लागले, कारण फायद्यापेक्षा अपाय जास्त दिसला. गोळी घेणाऱ्यांना झटकेही कमी न होता जास्तच आले. त्याआधी झटका येऊन गेलेल्या पुरुषांनाही बाईचा रस देऊन पाहिला होता! तोही घातक ठरला. मात्र जिचे बीजकोश तरुणपणीच काढले आहेत, तिला डॉक्टर काही वर्षे ही गोळी देतात. ती आपल्या मनाने सोडू नये.

हृदयाला चार झडपा असतात. हातपंपाच्या झडपेसारख्या त्या रक्त मागे येऊ देत नाहीत. म्हातारपणी मुख्य झडप कडक होते. पुरुषाच्या झडपेत चुना फार साठतो. बाईची झडप कमी चुन्यातच राठ होऊन अडते. म्हणून मोठ्या इस्पितळात यंत्राने हा चुना मोजतात तेव्हा पुरुषाला 2,000 चा आकडा धरतात, तर बाईला 1,200 चा. एकच माप दोघांना लावले तर बाईचा रोग सुटतो. लहानपणी घसा सुजून, सांधे धरून जी झडप बिघडते, तो रोग वेगळा. तोही बायकांत जास्त. गरोदरपणी दम लागला तर तो ध्यानात घ्यावा.

समजा, तलासरीच्या पाड्यावर साठीची एक आजी आहे. सकाळपासून तिला दम लागतो. जबडा आणि पाठ दुखते, घाम येतो, मळमळते. आजी म्हणते, "लावणीनं अंग धरलंय गं." सून सुंठ उगाळायला बसते. छातीत कळ नाही, म्हणून कोणाला शंका येत नाही. बायकांचा झटका पुष्कळदा असाच येतो.

सुंठ राहू दे. 108 नंबरला फोन करावा. तलासरी, कासा, डहाणू, जे सरकारी रुग्णालय जवळ असेल तेथे न्यावे. तेथे विचारतील, "छातीत दुखतं का?" सुनेने सांगावे, "छातीत नाही दुखत. पण आजीची पाळी जाऊन बारा वर्षं झाली, आणि सकाळपासून दम आहे. ईसीजी काढा."