यंत्रमानवाचा पिता : ‘अ‍ॅटम’च्या चित्रकथांचा पुनर्विचार

घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि दूरचित्रवाणीवर हिंदी ऐकणाऱ्या आपल्या गोमंतकातील मुलांना ‘डोरेमॉन’ची ओळख करून देण्याचे कारण नाही. ते निळे मांजर भविष्यकाळातून आलेले एक यंत्र आहे, हे लहान मूलही सांगेल. परंतु डोरेमॉनच्याही आधी जपानातील मुलांच्या मनावर एका यंत्रबालकाने राज्य केले होते, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. त्याचे नाव ‘अ‍ॅटम’. इंग्रजी जगात तो ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या जुन्या कृष्णधवल मालिकेतील काही भाग आम्ही अलीकडे पुन्हा पाहिले. त्यांतून जो विचार मनात आला, तो विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढेही ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘रोबो’ या शब्दाचा विचार करू. चेक नाटककार कारेल चापेक याने १९२० साली लिहिलेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून तो जगभर पसरला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे सक्तीचे श्रम, आपल्याकडे ज्याला वेठ म्हणतात ती. म्हणजे या शब्दाच्या जन्मातच एक प्रश्न दडलेला आहे : जो दुसऱ्यासाठी राबतो, त्याचे ऋण राबवून घेणाऱ्यावर असते की नाही?

हाच प्रश्न जपानी चित्रकार ओसामु तेझुका यांनी बालकथेत आणला. तेझुका यांचा जन्म १९२८ सालचा. त्यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले, परंतु आयुष्य चित्रकथेला वाहिले. दुसऱ्या महायुद्धात शाळकरी वयात त्यांना कारखान्यात काम करावे लागले आणि १९४५ सालच्या ओसाका येथील बॉम्बहल्ल्यातून ते थोडक्यात बचावले. यंत्रशक्ती मनुष्याच्या हाती आली म्हणजे काय होऊ शकते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. अशा माणसाने आपल्या नायकाचे नाव ‘अ‍ॅटम’, म्हणजे ‘अणू’, ठेवावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या शक्तीने दोन शहरे बेचिराख झाली, तीच शक्ती एका निरागस मुलाच्या छातीत धडधडत असती तर? या कल्पनेतून त्याच्या कथा आल्या. मासिकातील चित्रकथेत अ‍ॅटम १९५१ साली प्रथम दिसला आणि पुढच्याच वर्षी तो स्वतंत्र कथामालेचा नायक झाला. दूरचित्रवाणीवरील मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू होऊन ३१ डिसेंबर १९६६ रोजी संपली. तिचे एकूण १९३ भाग झाले.

पहिल्या भागाची कथा अशी. डॉक्टर तेन्मा हे थोर शास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा तोबियो मोटारीच्या अपघातात मरण पावतो. शोकाने वेडा झालेला पिता आपले सर्व ज्ञान पणास लावून हुबेहूब त्याच्यासारखा यंत्रबालक तयार करतो. हा मुलगा आज्ञाधारक आहे, शिकण्यास उत्सुक आहे. परंतु काळ लोटतो आणि पित्याच्या लक्षात येते की, याची उंची काही वाढत नाही. यंत्र ते कसे वाढणार? तेवढ्यावरून तेन्मा संतापतात आणि त्याला एका सर्कसवाल्यास विकून टाकतात. तेथे त्याला रिंगणात उतरून दुसऱ्या यंत्रांशी झुंजावे लागते. पुढे सर्कशीला आग लागते, तेव्हा हाच विकलेला मुलगा माणसांचे प्राण वाचवतो. शेवटी प्राध्यापक ओचानोमिझु नावाचे मोठ्या नाकाचे, मायाळू गृहस्थ त्याला पदरी घेतात.

या कथेत दुष्ट कोण, असे विचारले तर मुले चटकन सर्कसवाल्याकडे बोट दाखवतील. आमच्या मते अधिक विचार करायला हवा तो तेन्मांचा. त्यांचे पुत्रप्रेम खोटे नव्हते. पण त्यांना हवा होता तो गेलेला मुलगा. समोर उभा असलेला मुलगा त्यांनी कधी पाहिलाच नाही. आपल्या इच्छेच्या साच्यात तो बसेना, म्हणून तो त्यांना नकोसा झाला. ओचानोमिझुंनी अ‍ॅटमला घडवलेले नाही, तरी ‘हा आहे तसा माझा’ असे म्हणण्याचे मोठेपण त्यांच्यापाशी आहे. पालकत्व कशाने सिद्ध होते, याचे उत्तर तेझुकांनी या दोन माणसांच्या रूपाने दिले आहे.

अ‍ॅटमच्या जगात यंत्रमानवांसाठी कायदेही आहेत. यंत्रमानवाने मनुष्याची सेवा करावी, मनुष्याला इजा करू नये, इत्यादी. अमेरिकन लेखक आयझॅक असिमोव्ह यांनी १९४२ साली एका कथेत मांडलेल्या तीन नियमांची येथे आठवण होते. परंतु तेझुकांच्या कायद्यांत एक कलम निराळे आहे : यंत्रमानवाने आपल्या निर्मात्यास ‘पिता’ म्हणावे. पुत्राचे कर्तव्य असे लिहून ठेवलेले आहे. मात्र त्याच कलमात पित्याचे कर्तव्य लिहिलेले नाही, आणि अ‍ॅटमच्या साऱ्या दुःखाचे मूळ आम्हांला येथेच दिसते.

१९६४-६५ साली लिहिलेल्या आणि मालिकेतही आलेल्या एका प्रसिद्ध कथेत हा विचार आणखी पुढे जातो. प्लुटो नावाचा प्रचंड शिंगाडा यंत्रमानव जगातील सात बलाढ्य यंत्रमानवांना नष्ट करण्यासाठीच घडवलेला आहे. अ‍ॅटमची शक्ती एक लक्ष अश्वशक्तीची, तर प्लुटोची दहा लक्ष. प्लुटो दुष्ट नाही. अ‍ॅटमच्या धाकट्या बहिणीशी, उरानशी, तो सौजन्याने वागतो. पण ज्याने त्याला घडवले, त्याने त्याच्यापुढे झुंजण्यापलीकडे दुसरे ध्येयच ठेवलेले नाही. चित्रकथेत ऐन संघर्षाच्या वेळी ज्वालामुखी जागा होतो आणि लोकांना वाचवण्यासाठी हे दोन वैरी एकत्र राबतात. त्या क्षणी प्लुटो आपल्या निर्मात्याहून मोठा ठरतो. ही कथा पुढे नाओकी उरासावा यांनी २००३ ते २००९ या काळात मोठ्या वाचकांसाठी नव्याने सांगितली. तिच्यात किती आशय भरला आहे, हे यावरून कळावे.

शेवटच्या भागात सूर्याची उष्णता बेसुमार वाढते आणि माणसे पृथ्वी सोडून जातात. तेव्हा सूर्याला आवरणारे साधन घेऊन अ‍ॅटम स्वतः सूर्याकडे झेपावतो. ज्याला एकदा विकले गेले, त्याने विकणाऱ्यांच्या जातीसाठी देह ठेवला.

आता थोडे या मालिकेच्या रचनेविषयी. चित्रफितीत एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात, म्हणजे २५ मिनिटांच्या भागास ३६,००० चौकटी लागतात. दर आठवड्यास एवढी चित्रे काढणे तेझुकांच्या लहानशा चित्रशाळेस शक्य नव्हते. म्हणून एकच चित्र तीन चौकटींपर्यंत टिकवणे, केवळ ओठ वा डोळे हलवणे, जुनी चित्रे जपून ठेवून पुन्हा वापरणे, अशा युक्त्या त्यांनी योजल्या. आज पाहताना ही काटकसर डोळ्यांना जाणवते. पण चित्रांची उणीव कथेने भरून काढली, आणि थोड्या साधनांत मोठे काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आज मनुष्याशी बोलणारी यंत्रे प्रत्यक्षात अवतरली आहेत. ती काय करू शकतील, याची चर्चा सर्वत्र चालते. आपण त्यांना कशासाठी घडवतो, हा प्रश्न मात्र क्वचितच कानी पडतो. आणि तोच प्रश्न, किंचित निराळ्या शब्दांत, प्रत्येक घराला आणि शाळेलाही लागू आहे. आम्हा शिक्षकांसमोर बसलेली मुले कोणाच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छांच्या प्रतिकृती नव्हेत. त्यांची उंची आमच्या मापाने वाढली नाही, तरी ती आपलीच आहेत.

स्वाध्याय : (१) तेन्मा आणि ओचानोमिझु यांच्या स्वभावांची तुलना करा. (२) प्लुटोला अपराधी म्हणावे काय? सकारण लिहा. (३) यंत्रमानवाच्या निर्मात्यासाठी तुम्ही कायदा केलात, तर त्याचे पहिले कलम कोणते असेल? घरातील वडीलधाऱ्यांशी चर्चा करून उत्तर लिहा.