‘शाश्वत विकासा’ची पदवी म्हणजे काय?

बी. ए. नंतर ‘शाश्वत विकास’ या विषयात एम. ए. करावे असे मी घरी बोललो. वडील म्हणाले, “त्यात शिकवतात काय?” मला नीट सांगता आले नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. म्हणून हा लेखनप्रपंच.

१९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने या विकासाची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा, की आजच्या माणसांनी आपल्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांच्या तोंडचा घास काढू नये. व्याख्या सोपी; हिशेब अवघड.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार घ्या. तेथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी पिण्याचे, मग जनावरांचे. उरेल त्यावर पिके ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, असा गावाचा नियम. पाणी किती मुरले हे भूगोल सांगेल, कोणते पीक परवडेल हे अर्थशास्त्र. पण शेजाऱ्याला बोअरपासून परावृत्त कसे करायचे? तेथे समाजशास्त्र आणि कायदा लागतो. हे सारे विषय या पदवीत एकाच प्रश्नाभोवती बसवतात. (झाडे लावणे म्हणजेच हा विषय, असे आमच्या वर्गातही समजतात!)

हेच वडिलांना पुन्हा सांगितले. ते गप्प राहिले. आमच्या रानात दोन बोअर कोरडे गेले आहेत. त्यांचे कर्ज अजून फिटलेले नाही. मग म्हणाले, “आणि नोकरी?”

पाणलोटाची कामे, मोठ्या कंपन्यांना सेबीच्या नियमाने द्यावे लागणारे अहवाल, असे काहीबाही मी सांगितले. मिळेलच, असे मात्र म्हणवले नाही.